मोजणी चालू आहे

हॉस्पिटलच्या तळघरात एक विभाग होता. ऑपरेशनची वापरलेली हत्यारं तिथे धुवायची, वाफेच्या भट्टीत निर्जंतुक करायची आणि ट्रे भरून पुन्हा वर पाठवायचे, एवढंच तिथलं काम. त्या विभागात तिला सगळे 'घड्याळ' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण ते शोभायचं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचा ट्रे म्हणजे त्रेसष्ट नग. कात्र्या, चिमटे, पकडी, वाट्या. ती मोजायला बसली की त्या त्रेसष्टचे बासष्ट कधी होत नसत.

मोजायची तिथली एक रीत होती. चार टेबलं शेजारी शेजारी, आणि प्रत्येकावर वेगळा ट्रे. मोठ्याने मोजलं की शेजारच्या टेबलावरचा आकडा आपल्या तोंडात यायचा, म्हणून मोजणारीने मनातच मोजायचं. मध्ये कुणी बोलायला आलंच, तर तिने डावा हात वर करायचा. तळवा समोर, बोटं जुळलेली, मनगट ताठ. अर्थ एकच, मोजणी चालू आहे. तरीही कुणी बोललं आणि आकडा निसटला, तर ती फक्त "परत" म्हणायची, लावलेली सगळी हत्यारं बाजूला सारायची आणि एकपासून सुरुवात करायची. त्यावर कुणी कुरकुर करत नसे. वरती कुणाचं तरी पोट उघडं असतं, आणि तळघरातल्या बायकांना त्याचा विसर पडलेला चालत नाही.

हा वर केलेला तळवा तिचाच शोध होता. त्याआधी ती बोलकी होती, इतकी की आज सांगितलं तर नवीन आलेल्या मुलींना थट्टा वाटते. तिच्या टेबलावर बसायला मिळावं म्हणून बायका आपापसांत पाळ्या बदलून घेत, कारण ही हात चालवता चालवता वरच्या मोठ्या डॉक्टरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करायची. मग दुसरं बाळंतपण झालं, रजा संपली आणि ती कामावर रुजू झाली. तिसऱ्याच आठवड्यात, मोजणी अर्ध्यावर असताना, नवऱ्याचा फोन आला. बाळाला ताप भरला होता. तिने फोन खांद्याशी धरला, ओल्या फडक्याने अंग पुसून काढ म्हणाली, आणि हात मोजत राहिले. त्रेसष्ट भरले असं तिला वाटलं. वर ऑपरेशन संपता संपता मोजले, तर बासष्ट.

रोग्याचं पोट तसंच उघडं ठेवून वरच्यांनी पाऊण तास शोधाशोध केली. एक्स-रे काढला, कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या, सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. शेवटी त्रेसष्टावा चिमटा तळघरात बेसिनच्या कडेला, ओल्या फडक्याखाली सापडला. तो वर गेलाच नव्हता. रोगी धडधाकट घरी गेला. विभागाच्या मोठ्या बाई तिला रागावल्यासुद्धा नाहीत. मोजताना कोण बोलत होतं, एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "माझं मूल." आता सहा महिन्यांचं पोर काय बोलणार? बोलत होता तो नवरा. पण तिच्या तोंडून निघालं ते हेच. त्या दिवसापासून फोन कपाटात गेला, तळवा वर आला आणि नकला संपल्या.

ही अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. आता घरचं सांगतो.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर, त्याला दुपारची पाळी. हिची सकाळची. दुपारी साडेतीनला, त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली, पोरांची अदलाबदल व्हायची. तो गणवेश घालून निघालेला, ही हॉस्पिटलातून आलेली. कुणी किती खाल्लं, कुणी कुठे आपटलं, हे तो दहा मिनिटांत सांगायचा आणि बसडेपोकडे पळायचा. लग्न झालेल्या दोन माणसांची दिवसाकाठी एवढीच भेट. थोरली मुलगी सहा वर्षांची, तिला बाप 'वकीलबाई' म्हणे, कारण ती दोन्ही बाजूंनी भांडायची. धाकटा तीन वर्षांचा, तो 'साहेब'. साहेब बोलत नसत. बोट दाखवत, आणि सगळं घर धावत सुटे. त्या बोटाचा अर्थ लावायचं काम वकीलबाईंकडे. "त्याला केळं नकोय, केळ्याची सालं हवीयत," असं ती ठणकावून सांगायची, आणि खरोखर त्याला सालंच हवी असत.

साडेतीन ते नऊ ही आईची वेळ. शिस्तीची वेळ म्हणा हवं तर. ती मोजे मोजायची, दप्तरातल्या वह्या मोजायची, दुधाच्या पावडरीचे चमचे मोजायची, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजायची. सगळं मनात. चौथ्या मजल्यावर जायला चौसष्ट पायऱ्या होत्या, त्याही रोज मोजायची, जणू एखादी रात्रीतून कुणी काढून नेणार होतं. लिफ्ट होती, पण ती बंद पडल्याला इतके दिवस झाले होते की कुणीतरी आत झाडू आणि बादल्या ठेवायला लागलं होतं. मध्येच वकीलबाईने शाळेतली भांडणं काढली की आईचा हात वर जाई. पोर गप्प. तरी बोललीच, तर "परत", आणि चमच्यांनी पावडर पुन्हा डब्यात. संध्याकाळभर त्या घरात तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी शांतता असायची. शेजारीपाजारी कौतुक करत, पोरांना काय वळण लावलंय म्हणत. लोकांना काय, पोरं स्वच्छ दिसली आणि भिंतीपलीकडून आवाज आला नाही की झालं.

तिला मात्र यातलं काही जाणवत नव्हतं. म्हणजे वाईट वाटत होतं आणि ती लपवत होती, असंही नाही. काही वाटतच नव्हतं. आपण हातावर डोकं ठेवून झोपतो आणि जाग आल्यावर तो हात आपला वाटत नाही, दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो. तिचं सगळंच तसं झालं होतं. वकीलबाईने धावण्याच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला, तेव्हा ती "छान" म्हणाली आणि बुटांची नाडी सुटलेली तिने बांधून दिली. साहेबाला जिन्यात खोक पडली, तेव्हा रक्त पुसून तिने पट्टी लावली, इतकी नीट की दवाखान्यातल्या बाईने विचारलं, तुम्ही नर्स का? घाबरायला हवं होतं हे तिला कळत होतं. कळत होतं, वाटत नव्हतं.

साहेब तीन वर्षांचे झाले आणि बालवर्गात नाव घालायची वेळ आली. शाळेने सांगितलं, मुलाला निदान पाणी हवंय, शू लागली एवढं तरी सांगता आलं पाहिजे. मग कुणी सुचवलं म्हणून त्याला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. वकीलबाईने त्यांचं नाव लगेच 'बोलण्याच्या बाई' करून टाकलं. त्यांनी कान तपासून घेतले, ते ठणठणीत निघाले. मग त्यांनी एक कागद दिला. महिन्याभराचा तक्ता, त्यात दोन रकाने, एक वडिलांचा, एक आईचा. आपण म्हणायला न लावता मूल आपणहून जो शब्द बोलेल, तो ज्याने ऐकला त्याने आपल्या रकान्यात लिहायचा. महिन्याने तक्ता बघून बाई शाळेला चिठ्ठी देणार होत्या. चिठ्ठी मिळाली तर बालवर्ग. नाही मिळाली तर वर्षभर थांबायचं, आणि तोवर आणखी तपासण्या.

तक्ता फ्रीजवर लागला. पहिल्याच आठवड्यात बापाचा रकाना भरायला लागला. 'बस.' 'बाबा.' 'थांब.' एका सकाळी साहेबांनी खुर्च्यांची रांग लावली, पुढच्या खुर्चीत बसून मागे बघितलं आणि म्हणाले, 'पुढे सरका.' बापाने हे दोन शब्द म्हणून लिहावेत की एक, यावर जिन्याखालच्या दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं खर्च केली. वीस दिवसांत त्याच्याकडे चौदा शब्द झाले. तिच्या रकान्यात एकही नाही.

ती काही कानात बोळे घालून बसत नव्हती. डोळ्यांत तेल घालून त्याच्या तोंडाकडे बघायची. तो तिच्याकडे बघायचा, बोट दाखवायचा, हवं ते मिळालं की निघून जायचा. कधी ती त्याच्याशी काही बोलायला गेली, तर तो आपला छोटा हात वर करायचा. तिला वाटायचं तो टाटा करतोय, किंवा नको म्हणतोय. मुलगा बापाशी बोलतो आणि माझ्याशी बोलत नाही, हे वाक्य तिने मनात नीट जुळवून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. त्याने काहीतरी व्हायला हवं होतं. ती सिंकपाशी उभी राहून त्याची वाट बघत राहिली, आणि मग भांडी घासायला लागली.

एकविसाव्या दिवशी तिने पेन घेतलं आणि आपल्या रकान्यात तीन शब्द लिहिले. 'पाणी.' 'दूध.' 'आई.' तिला कुणी खोटारडी म्हणू नये. म्हणायचंच असेल तर आधी त्या तळघरातली रीत समजून घ्यावी. तिथे ट्रेबरोबर जाणाऱ्या मोजणीच्या कागदावर रकाना रिकामा ठेवायचा नसतो. रिकामा रकाना दिसला की ट्रे जसाच्या तसा खाली येतो आणि सगळं काम नव्याने करावं लागतं. दहा वर्षं तिचा हात रकाने भरत आला होता. मात्र तिथे मोजल्याशिवाय आकडा लिहिणं हे सगळ्यात मोठं पाप, आणि ते तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं. इथे केलं. अक्षर वळणदार आलं.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नवऱ्याने तिचा दंडच धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"'आई' म्हणाला? कसं म्हणाला?"

"म्हणाला," ती म्हणाली.

"अगं पण कसं? तू काय करत होतीस?"

मोजे मोजत होते, असं तिने सांगितलं. त्याने साहेबाला उचलून गोल फिरवलं आणि तसाच हसत डेपोकडे गेला. त्या दिवशी त्याला उशीर झाला म्हणून बोलणी बसली असणार. ती चौसष्ट पायऱ्या चढून वर आली.

बोलण्याच्या बाईंकडे जायच्या दिवशी नवऱ्याला सकाळी जादा फेरी लागली, म्हणून तिनेच रजा टाकली. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे वकीलबाई बरोबर. बाईंची खोली लहानशी, खुर्च्या त्याहून लहान, टेबलावर लाकडी ठोकळ्यांची पेटी. बाईंनी तक्ता वाचला, 'पुढे सरका'वर हसल्या, मग आईच्या रकान्यावर जरा थांबल्या. तुम्ही दोघं पाच मिनिटं खेळा, मी त्या कोपऱ्यात बसते, एवढंच त्यांनी सांगितलं.

खेळा म्हणजे काय करायचं, हे तिला उमगेना. ठोकळे समोर होते. तिने ते पेटीतून काढले आणि रांगेत लावायला घेतले, लहान इकडे, मोठे तिकडे. साहेब शेजारी बसून बघत होते. मोजणी तेराला आली असेल, तेवढ्यात वकीलबाई म्हणाली की लाल रंगाचा एक खाली पडलाय. आईचा डावा हात वर गेला. आणि तिच्या शेजारी, तिच्या कोपराएवढ्या उंचीवर, आणखी एक डावा हात वर गेला. तळवा समोर, बोटं जुळलेली, मनगट ताठ. साहेबांनी बहिणीकडे करड्या नजरेने बघितलं.

बाई कोपऱ्यातून उठून आल्या. हे त्याने कुठून उचललं, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर अर्थातच वकीलबाईने दिलं.

"आईची मोजणी चालू असली की बोलायचं नसतं."

"कधी असते मोजणी?"

"ती घरी आल्यावर. झोपेपर्यंत."

तिचा हात अजून वरच होता. त्या हाताकडे तिने असं पाहिलं, जणू ट्रेमध्ये कुणी भलतंच हत्यार ठेवलंय. दोन वर्षं पोर तिला टाटा करत नव्हतं, नको म्हणत नव्हतं. त्याला आईची भाषा येत होती. आईने शिकवलेली एकमेव गोष्ट त्याने पक्की पाठ केली होती: गप्प बसायचं. तिने हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या रकान्यातलं मी लिहिलंय. तो नाही बोलला. एकही शब्द नाही."

बाईंनी तिला उपदेश केला नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. पेन पुढे केलं. तिने तिन्ही शब्दांवर एकेक सरळ रेघ मारली, आणि विभागात खोडलेल्या आकड्याशेजारी करतात तशी प्रत्येक रेघेशेजारी छोटी सही केली. 'आई'वरची रेघही सरळच आली. शाळेची चिठ्ठी आज देता येणार नाही, बाईंनी सांगितलं, आणखी एक महिना बघू. काम सोडा, मोजणं सोडा, असलं मी सांगणार नाही, असंही त्या म्हणाल्या. जाता जाता त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"मोजा हवं तितकं. पण मोठ्याने मोजा. त्याला ऐकू जाईल असं."

घरी येताना तिने ब्रेड आणि अंडी घेतली. वकीलबाईने वाटेत तीन वेळा कुत्री मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. नवऱ्याला सांगावं लागणार होतं. उद्या साडेतीनला, जिन्याखाली, दहा मिनिटांत, की तो 'आई' म्हणाला नव्हता. त्याने साहेबाला उचलून गोल फिरवलेलं तिला आठवलं, आणि छातीत कुठेतरी काहीतरी हललं. पण तेवढ्यात इमारत आली.

तिने साहेबाला कडेवर घेतलं, पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "एक," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, शेजारच्या कुणाचा तरी वाटावा असा. "दोन. तीन." वकीलबाईने वळून पाहिलं. दहाच्या पुढे तीही मोजायला लागली, एक पायरी पुढे, एक आकडा मागे. साहेब गप्प. ते आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, बंद दुकानाचं दार अचानक उघडलेलं दिसावं तसे. पंधरा, वीस, पंचवीस. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वकीलबाई थांबली.

"आई, बोलण्याच्या बाई तुला रागावल्या का गं?"

आकडा निसटला. सव्वीस होता की सत्तावीस? ती पायरीवर तशीच उभी राहिली. सवयीने डावा हात वर जायला निघाला, पण त्या हातावर पोर होतं आणि दुसऱ्यात अंडी. हात वर केला तो साहेबांनी. बहिणीच्या तोंडासमोर, तळवा ताठ. मग त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं, आणि ती काहीच करत नाही हे पाहून, कामात चुकारपणा करणाऱ्याला सांगावं तसं म्हणाले,

"पलत."

वकीलबाई हळूच म्हणाली, "आई, साहेब बोलला. लिही ना."

ती पायरीवर बसली. कडेवरून तो घसरून तिच्या मांडीत आला. दबलेल्या हातावरचं ओझं काढलं की तो लगेच आपला होत नाही. आधी मुंग्या येतात, मग सुया टोचायला लागतात. तसं झालं. बरं वाटलं नाही. दुखलं, घशापासून पोटापर्यंत दुखलं, आणि किती दिवसांत काही दुखलं नव्हतं हे तिला कळलं. मुलाने तिच्याकडून घेतलेला पहिला शब्द हा होता. 'आई' नव्हता. जेवढं त्याच्यासमोर ठेवलं होतं, त्यातलाच एक त्याने उचलला होता.

पिशवीतून तक्ता काढून तिने तो गुडघ्यावर ठेवला, खोडलेल्या तीन शब्दांखाली लिहिलं, 'परत', आणि शेजारी सही केली. मग साहेबाला उचललं, पिशव्या उचलल्या आणि जिना उतरायला लागली.

"अगं, आपण अर्ध्यावर आलो होतो," वकीलबाई वरून म्हणाली. "आता खाली कशाला?"

"मोजणी मोडली," ती म्हणाली. "पहिल्यापासून मोजायचं."

वकीलबाई कुरकुरत मागोमाग उतरली. अगदी खाली, लिफ्टमधल्या झाडू-बादल्यांसमोर, ती पोराला घेऊन उभी राहिली. त्याने तिच्या ओठांवर बोट ठेवलं होतं, आवाज कुठून येतो ते बघायला. ते बोट तिने बाजूला केलं नाही.

"एक," ती मोठ्याने म्हणाली.